बॉयलरमधले फेनविक

मदतनीस नेडने आणखी मूठभर चरबी उस्तादांच्या खांद्यांना चोपडली आणि ओढले. कथबर्ट फेनविक मानेपर्यंत बॉयलरच्या बाहेर होते, उरलेले आत.

बॉयलरच्या माथ्यावरचे, आत उतरायचे ते भोक त्यांनी स्वतःच्याच मापाने कापले होते, बारा वर्षांपूर्वी, एकवेळच्या लापशीवर दिवस काढताना. पुढे टाइन नदीकाठच्या खाणींत इंजिनवाले म्हणून त्यांचे नाव झाले, आणि नावाबरोबर पोटही. आज सकाळी क्षार खरवडायला उतरताना वजनाने मदत केली होती. वर येताना तेच वजन उलटले.

"उस्ताद, श्वास सोडा."

"सोडलाय. आता घ्यायला जागा नाही."

खाली खाणमालक हेरन साहेब घड्याळ धरून उभे होते. दुपारी लंडनचे भागीदार येणार होते. वाफेचे इंजिन चालले नाही, तर कोळसा ओढायचे काम पुन्हा घोड्यांकडे जाणार होते.

"घोडे असे अडत नाहीत, फेनविक."

"घोड्याच्या पोटात कुणी उतरत नाही, साहेब."

खांदा तिरका करायला फेनविक पुन्हा आत गेले. काळोखात, पायाशी, पत्र्याच्या जोडावर उजेडाची बोटभर रेघ होती. त्यांनी ती नखाने चाचपली. मग डोके वर काढले.

"पत्रा चिरलाय. आज वाफ धरायची नाही."

"मग पाण्यात ओटचं पीठ टाक. नेहमी टाकतोस ना?"

टाकत होते. बारीक गळती त्याने बुजे; ही युक्ती खाणीत फेनविकांनीच आणली होती.

"पीठ थेंबाला पुरतं, साहेब. हा बॉयलर फुटेल."

"भीती वाटते तर तू चालवू नकोस. नेड चालवेल."

"चालवीन की," नेड म्हणाला. "इंजिन मी चालवलं, असं निदान बायकोला सांगता येईल."

चालवणाऱ्याची जागा बॉयलरला खेटूनच होती.

"हा बाहेर आला की लगेच जाळ घाल," साहेबांनी फर्मावले.

नेडने ओढले. चरबी लागू पडली. उजवा खांदा सुळकन बाहेर आला, डावाही सरकू लागला. फेनविकांनी नेडच्या घामाने डबडबलेल्या, खूश चेहऱ्याकडे पाहिले आणि सावकाश अंग खाली सोडले.

"आता काय झालं?" साहेबांनी विचारले.

"अडकलो."

"येत तर होतास. तू आत असताना जाळ कसा घालणार?"

"तेच म्हणतोय मी, साहेब."

वळणावर बग्ग्यांची धूळ दिसू लागली. फेनविकांनी भोकातून एक हात बाहेर काढला.

"नेड, माझी टोपी दे. पाहुण्यांसमोर बोडक्याने बरं दिसत नाही."