माझा ब्रेक आणि हिरवा केक

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे. लोखंडाचा दांडा जबड्यात धरायचा, गरगर फिरवायचा आणि पात्याला भिडवून सोलून काढायचा, हे माझं काम. स्वभाव माझा तापट, आधीच सांगून ठेवतो. जबड्यात जे येईल ते मी फिरवतो. लोखंड आलं तर लोखंड, बाही आली तर बाही. मला डोळे नाहीत आणि दयामाया तर मुळीच नाही. मला आवरायला एकच गोष्ट होती, पायाशी बसवलेला ब्रेक.

स्वीडनमधल्या एका कारखान्यात मला वितळवलं, ओतलं, तासलं आणि उत्तरेकडच्या एका विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये आणून जमिनीला जखडलं. शास्त्रज्ञांच्या यंत्रांचे बारीकसारीक भाग मी घडवले. मोठमोठे प्राध्यापक माझी पाठ थोपटून जायचे. पण खरा जीव लावला तो वर्कशॉपचा प्रमुख आल्गोट यानं. रोज सकाळी मला पुसायचा आणि विचारायचा, "काय म्हाताऱ्या, झोप झाली का?"

आमच्या वर्कशॉपची एक रीत होती. ज्याच्या हातून चूक झाली, त्यानं दुसऱ्या दिवशी कॉफीबरोबर केक आणायचा. हातोडा निसटून कुणाच्या डोक्याशेजारून गेला, केक. काचेचं भांडं फुटून गाल चिरला, केक. सगळे हसायचे, चिडवायचे आणि ताटल्या धुतल्या की विषय संपायचा. सुरक्षेचं काम बघणारी मारेट घसा कोरडा करून सांगायची, "अरे, थोडक्यात वाचलात तरी कळवा मला! कॉम्प्युटरवर दोन ओळी लिहायच्या, तेवढंही जमत नाही का?" सगळे माना डोलवायचे आणि तिच्या ताटलीत केकचा मोठा तुकडा वाढायचे.

एका हिवाळ्यात आल्गोट फिरत्या दांड्याला हातानं पॉलिश करत होता. त्याच्या स्वेटरची बाही मी पकडली आणि कोपरापर्यंत ओढून घेतली. आल्गोटनं ब्रेकवर दोन्ही पाय दाणकन रोवले. ब्रेक किंचाळला, पण धरेना! मी फिरतच राहिलो. स्वेटर जुना होता म्हणून टराटरा फाटला आणि आल्गोट जमिनीवर आपटला. दंडावर नुसता लाल वळ उठला.

शेजारच्या टेबलावरून तूवा धावत आली. ती आमची तरुण कारागीर, आल्गोटच्याच हाताखाली तयार झालेली.

"आल्गोट, ब्रेक गेलाय याचा. मारेटला सांगू या."

"वेडी आहेस का? कळवलं की वरचे लोक याला कुलूप ठोकतील आणि सरळ भंगारात काढतील. करतो मी दुरुस्त. तू उद्याच्या केकचं बोल, कुठला आणू?"

"हिरवा, तो बदामाच्या आवरणाचा. मोठा आण हां, चिंगूसपणा नको!" तूवा हसली.

हिरवा केक आला, फस्त झाला. आल्गोटनं ब्रेकचा एक बोल्ट आवळला, थोडं तेल घातलं आणि कामाच्या धबडग्यात पुढचं राहून गेलं. मित्रांनो, मी रोज कुरकुरत होतो. माझी कुरकुर ऐकून आल्गोट मलाच म्हणायचा, "वय झालं रे तुझं!"

वसंतात विद्यापीठानं सगळ्यांना नवे कोट दिले. दणकट, सहजासहजी न फाटणारे.

एका सकाळी तूवा तो कोट घालून फिरत्या दांड्याला पॉलिश करत होती. बाही गुंडाळली गेली. तिनं ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, तिसऱ्यांदा त्यावर उभीच राहिली. मी थांबलो नाही. कोट फाटला नाही, म्हणून हात फाटला. हाडं कडाकडा मोडल्याचा आवाज माझ्या आवाजातही ऐकू आला. भिंतीवर, छतावर, माझ्या पुसून चकचकीत केलेल्या अंगावर रक्त उडालं. "बंद करा! बंद करा याला!" ती ओरडत होती. आल्गोटनं धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं, तोवर तिचा उजवा हात मनगटापासून तुटला होता.

मला कुलूप लागलं. लोक येऊन माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "खुनशी यंत्र!" मला संताप यायचा. अरे, मी तर जन्मापासून असाच आहे!

पानगळीत तूवा परत आली. आल्गोटनं तिच्यासाठी हिरवा केक आणला होता. तिनं उजव्या बाहीचं रिकामं टोक टेबलावर ठेवलं.

"हा तू का आणलास, आल्गोट? आपली रीत विसरलास? या खेपेला हात माझा गेला. केक मी आणायला हवा होता."

आल्गोट लहान मुलासारखा रडला. मग उठला, मारेटला बोलावलं आणि फाटलेल्या स्वेटरपासून सगळं सांगितलं. प्रत्येक केकमागचा अपघात सांगितला. मारेट लिहीत होती आणि तूवा मधूनमधून म्हणत होती, "हातोडा राहिला. तोही सांग."

आता मला नवा ब्रेक बसवलाय. तो पहिल्या दाबातच धरतो. बसवायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, कारखान्यात माझे पुष्कळ भाऊबंद आहेत. थोडक्यात वाचलात तर हसा, हवा तर केकही खा, पण आधी जाऊन सांगा. आमची काळजी म्हणून गप्प बसू नका. आल्गोटनं मला वाचवायला तोंड बंद ठेवलं. त्यानं मला विचारलं असतं, तर मी खुशीनं भंगारात गेलो असतो. लोखंड पुन्हा वितळवून ओतता येतं. तूवा हल्ली डाव्या हातानं मला पुसते.