साळुबाईचं वजन

कॅन्सरपायी साळुबाईचं निम्म्याहून जास्त जठर काढलं, तेव्हा मुलगा ऋषी दवाखान्यात तिच्या उशाशी होता. पुढं त्याची रजा संपली. पुण्यातल्या त्याच्या एका खोलीत तिला करमेना, म्हणून ती पिंपळवंडीला परत आली.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "आजार किती खोल गेला, आजूबाजूच्या किती गाठींत पसरला, यावरून पुढचा अंदाज येतो. ते आपल्या हातात नाही. वजन मात्र आहे. थोडं थोडं, पण सारखं खा. अंग खंगलं तर केमो झेपत नाही."

साळुबाईनं मान डोलावली. पण घरी आल्यावर काही शिजवावंसंच वाटेना. जन्मभर तिनं सासू-सासरे, नवरा, पोरगा यांच्यासाठी भाकऱ्या थापल्या होत्या. नवरा गेल्यापासून एकटीसाठी पीठ मळताना हात जड व्हायचे. ऋषीचा फोन आला की म्हणायची, "जेवले रं बाबा, लई जेवले." अन् चहात बिस्कीट बुडवून आडवी व्हायची.

केमोसाठी ती एकटीच एस्टीनं पुण्याला गेली. वजनकाटा बघून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आज देता येणार नाही. घरचे खायला घालत नाहीत का?"

पोराला बोल लागतोय म्हटल्यावर साळुबाईच्या तोंडून खरं निघालं. "घरी कुनीच न्हाई, बाई."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे मीच आधी विचारायला हवं होतं. घरी कुणी आहे की नाही, त्यानंही फरक पडतो."

साळुबाईनं ऋषीलाही खरं सांगितलं, की आपण नीट जेवतच नव्हतो. तो एका रविवारी येऊन गेला. पुढच्या रविवारी त्याला ओव्हरटाइम लागला. तिनं राग धरला नाही. नाचणीची पेज, उकडलेलं अंडं, मऊ भात असं करत गेली. दोन घास जास्त झाले की उरलेल्या जठराला सोसायचं नाही, दरदरून घाम फुटायचा. ती ओट्यावर टेकायची, बरं वाटलं की पुन्हा ताट ओढायची. शेतावर निघालेली शेजारची लंकाबाई रस्त्यावरनंच विचारायची, "जेवल्या का?"

"जेवतीय."

दिवसभरात तेवढंच बोलणं व्हायचं.

पुढच्या खेपेला वजन जरासं वाढलं होतं. केमो सुरू झाली.

"म्हंजी मी वाचंन का?" तिनं विचारलं.

"खात्री देता येत नाही. पण उपचार पुरे होतील, अशी आशा वाढली."

सलाईन लागलं. बाकीच्या खाटांपाशी कुणी ना कुणी बसलं होतं. साळुबाईनं मोकळ्या हातानं पिशवीतला डबा काढला, गुडघ्यांत धरून उघडला आणि सावकाश, सगळा भात संपवला.