पाच मिनिटांत येते

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. वीतभर लांब, पांढरी, आणि माझ्यावर निळ्या अक्षरांत लिहिले आहे, 'पाच मिनिटांत येते'. मित्रांनो, बसस्थानकाच्या तिकीट खिडकीसाठी सुताराने मला हौसेने घडवले. पण आले त्याच दिवशी माझी रवानगी खणात झाली, आणि तिथे मी बारा वर्षे धूळ खात पडले.

याला कारण खिडकीतल्या ताई. समोर रांग असताना उठणे त्यांच्या जिवावर येई. लघवीला जावे लागू नये म्हणून त्या पाणीच पीत नसत. तरी लागली, तर पोट आत ओढून तशाच बसून राहत. "आमच्या ताई जागच्या हलत नाहीत," असे साहेब कौतुकाने सांगत. ताई खूश होत. मला मात्र राग येई.

मग ताईंच्या ओटीपोटात खालच्या बाजूला दुखू लागले. बसले की ठणका सुरू. लाजेपायी त्या कोणाला सांगेनात. शेवटी नणंदेला सांगितले, तर तिने कुठेतरी ऐकलेला उपाय सुचवला. खालचे स्नायू दिवसातून शंभर वेळा आवळायचे. ताईंनी तिकिटे देता देता इमानेइतबारे आवळले आणि दुखणे दुप्पट झाले. एके दिवशी नोकरी सोडण्याचा अर्ज लिहून त्यांनी खणात माझ्याच अंगावर ठेवला. तो एवढासा कागद मला फार जड वाटला.

अर्ज देण्याआधी त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी तपासून त्यांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवले. दुसऱ्या दिवशी ताई शेजारच्या खिडकीतल्या मैत्रिणीला हळूच सांगत होत्या, "त्या म्हणाल्या, मूठ दिवसभर वळून ठेवली तर हात दुखणारच. तुमचं खाली तेच झालंय. आता आवळायचं नाही, सैल सोडायला शिकायचं."

तेव्हापासून ताई घरी रोज गुडघे वाकवून आडव्या पडत. सावकाश श्वास घेत पोट फुगू देत आणि खालचा भाग सैल सोडत. गरम पाण्याच्या पिशवीने शेकत. पाणी नीट पीत. आणि लघवी लागली की जायचे, तिथेही घाई करून जोर लावायचा नाही, असे त्यांना बजावले होते.

म्हणून एका सकाळी खण उघडला. ताईंनी माझ्यावरची धूळ पुसली आणि मला खिडकीत ठेवले. रांगेत वीस माणसे होती. साहेबांनी मला खिडकीत पाहिले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"ताई, तुम्हीसुद्धा?"

"हो," ताई म्हणाल्या. "पाच मिनिटांत येते."

त्या परत आल्या तेव्हा रांग तिथेच होती. एक जण थोडा कुरकुरला, इतकेच. दुखणे एका दिवसात गेले नाही, काही महिने लागले. पण अर्ज फाडला गेला.

गेल्या महिन्यात ताई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी मला नव्या मुलीच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "ही खणात ठेवू नकोस."

मित्रांनो, लघवी लागली तर वर्गात हात वर करा. दुखत असेल तर घरी सांगा, त्यात लाज कसली? आणि रांगेत उभे असताना मी दिसले, तर चरफडू नका. ही पाच मिनिटे मिळायला आमच्या ताईंना बारा वर्षे लागली.