निम्म्यावर आलेलं शहर

शहराच्या हवेतला कार्बन मोजायचं नवं यंत्र खरं तर गच्चीवर बसायचं होतं. पण उद्घाटनाला फोटो नकोत का? म्हणून ते सभागृहात, महापौरांच्या पुढ्यातच मांडलं. दारं बंद, माणसं खचाखच, आणि महापौर बोलायला लागले की थांबतात कुठे! आकडा चढत गेला, तसं इंजिनिअरबाईंचं तोंड उतरत गेलं.

"साहेब, हा शहराचा नाही, आपल्या श्वासांचा आकडा आहे," त्या आपल्या साहेबांना म्हणाल्या.

"महापौरांसमोर झालेली पहिली नोंद चुकेल कशी, बाई?" साहेबांनी तीच पक्की केली.

मग यंत्र गच्चीवर गेलं आणि मोकळ्या हवेत आकडा निम्म्यावर आला. रस्त्यावरची एकही गाडी घटली नव्हती, कचऱ्याचा डोंगर तसाच धुमसत होता, तरी शहर सुधारलं! बाई सांगून थकल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

पुढच्या वर्षी कार्बन निम्म्यावर आणल्याबद्दल शहराला बक्षीस मिळालं. सत्कार त्याच सभागृहात ठरला. बाईंनी यंत्र पुसून टेबलावर ठेवलं.

साहेब धावतच आले. "आधी ते बंद करा! महापौर बोलायला उठतायत!"