पानामागचे ठिपके

माणिकबाईंच्या हातून डागाळलेलं पान आजवर कधी गिऱ्हाईकापुढं गेलं नव्हतं. पातूरच्या मळ्यातली फुलं अकोल्याला जठारपेठेतल्या दुकानात मायलेकींनी बसून विकायची, तर माल कसा लख्ख हवा, हा त्यांचा बाणा. म्हणून लेकीच्या, खुशीच्या नमुन्यांच्या डब्यातल्या फर्नच्या पानामागं तपकिरी ठिपके दिसले, तेव्हा करपा रोग समजून त्यांनी ते ओल्या फडक्यानं घासून पुसले. पोरीची वनस्पतिशास्त्राची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा. आईनं एवढंही करू नये?

सकाळी कॉलेजातून खुशीचा रडवेला फोन आला. "आई, पानामागचे ठिपके कोणं पुसले वं?"

"म्याच पुसले. करपा होता."

"करपा नाई वं माय! शेवाळ, फर्न, फुलझाडं, सारे गट खुणा दाखवून वेगळे करा लागते. फर्नले ना फूल, ना बी. त्या ठिपक्यातल्या भुकटीवरच त्याचा वंश चालते. आता मी सरांले दाखवू काय? दुपारी परीक्षा हाय. नापास झाली तं अमरावतीची एमएस्सी गेलीच समज."

माणिकबाई करायला गेल्या एक अन् झालं भलतंच! फोन ठेवून त्या तडक मळ्यातल्या विहिरीवर गेल्या. आतल्या ओल्या दगडांत फर्न माजायचं आणि दरवर्षी त्याच ते उपटून फेकायला लावायच्या. यंदा तेवढं राहून गेलं होतं, देवाचीच कृपा. पायऱ्या उतरून त्या एकेक पान उलटून बघू लागल्या. कोरं, स्वच्छ पान दिसलं की जन्मात पहिल्यांदा त्यांना त्याचा राग येत होता. अखेर एक सापडलं, कडेकडेनं ठिपक्यांनी गच्च भरलेलं. देवाच्या हारासारखं जपत त्यांनी ते एसटीनं अकोल्याला नेलं.

खुशी गेटवरच उभी होती. पान उलटून पाहिलं आणि भर रस्त्यात तिनं आईला मिठी मारली. मग आत पळाली.

बाहेर आली ती हसतच. "सारे गट बरोबर आले! सर म्हणे, अमरावतीचा फॉर्म भर." मग आईचा हात धरून म्हणाली, "आता दुकानावर तुले एकटीलेच बसा लागन, आई."

हे माणिकबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. सकाळपासूनची सगळी धावपळ पोरीला लांब धाडण्यासाठीच तर चालली होती! त्यांना हसू आलं आणि रडूही कोसळलं.

"बसीन न वं एकटी," त्या म्हणाल्या. "तू जाय बापा."