पडीक

आमच्या ऑफिसात कंप्युटरवर रस्ते आखतात. सोलापूरबाहेरून जाणाऱ्या नव्या रस्त्याचं काम माझ्याकडे होतं. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला वजन द्यायचं. घरं जड, बागायत जड, कोरडवाहू मध्यम, पडीक एकदम हलकं. मग बटण दाबलं की रेघ हलक्या जागांतून आपली आपण वाट काढते, उतारावरच्या पाण्यागत.

रेघ गेली ती आमच्या गावच्या माळावरून. का नाही जाणार? नकाशात माळाचं नाव होतं पडीक. कुण्या शहाण्यानं ठेवलं कोण जाणे, माझं डोकंच फिरलं. लहानपणी मी त्या माळावर उताणी पडून राहायची. गवत कानाशी कुजबुजायचं, वर चंडोल एका जागी थरथरत गायचा, आणि ढग चालतायत की माळ चालतोय, ते कळायचं नाही. पडीक कुणी असेल तर ती मी होते, माळ नव्हता.

दुपारी पंखा घुमत होता. भवानी पेठेतल्या मागांची खटखट खिडकीतून येत होती आणि माझे डोळे जड झाले होते. उन्हाळ्यातले सॅटेलाइट फोटो काढून मी पावसाळ्यानंतरचे लावले. तांबूस डाग हळूहळू हिरवा झाला, त्यातलं गवत हलल्यासारखं वाटलं. हरणांच्या, लांडग्यांच्या नोंदी त्यावर चढवल्या. 'पडीक' खोडून 'गवताळ माळ' लिहिलं, वजन वाढवलं.

"दाक्षायणी मॅडम, माळाच्या प्रेमात पडलात की," शेजारचा आदिनाथ म्हणाला.

"गप की रे," म्हणत मी बटण दाबलं.

रेघ डुलत दक्षिणेला सरकली आणि आमच्याच कोरडवाहू बोरीच्या बागेतून, आईनं लावलेल्या चिंचेवरून आरपार गेली. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तिथूनच. नाव परत 'पडीक' केलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, आणि माझं बोट बराच वेळ त्या नावावरच होतं.

शेवटी थोरल्या भावाला फोन लावला. चनमल्लप्पाअण्णा शेळ्या घेऊन माळावरच होता.

"अण्णा, रस्ता आपल्या बोरीतनं जायलाय. चिंचपण जाती."

त्यानं एका शेळीला हाळी दिली. मग म्हणाला, "दुसरीकडनं न्हेता येत न्हाय व्हय?"

"येतं की. माळाला पडीक म्हटलं की झालं."

"पडीक? मग तूच म्हण की ह्येच्या तोंडावर."

त्यानं फोन वर धरला असावा. चंडोल गात होता. मी फोन कानाशी धरून ऐकत राहिले.

"दाक्षा," अण्णा म्हणाला, "चिंच पाडायच्या आधी सांग तेवढं. एकदा चिंचा उतरवून घेतो."

'गवताळ माळ' तसंच ठेवून मी नकाशा सेव्ह केला. आदिनाथसमोरच रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.