एका वेळी एक

शंकेखोर बाईंनी पेन्सिलीचं टोक स्क्रीनवरच्या एका ओळीवर टेकवलं आणि तिथेच ठेवलं.

"सर, हा एक कशासाठी?"

गुरुजी आपल्या खुर्चीवरून उठले नाहीत. ओळ कोणती, हे त्यांना तिथे बसूनही कळलं होतं.

"राहू द्या तो."

"राहू देते. पण कशासाठी?"

रुग्णालयाचं सगळं काम जावा भाषेत लिहिलेल्या ज्या संगणक-प्रणालीवर चालायचं, ती जुन्या सर्व्हरवरून नव्यावर न्यायची होती. त्यासाठी कॉन्फिगरेशनची फाइल ओळीओळीनं तपासणं चाललं होतं. दोनशे चौदा ओळी. बाई एकेका ओळीला हटकत होत्या. त्यांना इथे येऊन दोन महिने होत नाहीत तोच हे नाव पडलं होतं, ते काही उगाच नाही. गुरुजींचं नावही असंच पडलेलं. कुणी काही विचारलं की ते उठून फळ्याकडे जात आणि पहिलीच्या वर्गाला शिकवावं तसं चित्र काढून समजावत. आज ते फळ्याकडे गेले नाहीत.

"रिपोर्ट शोधायच्या पानावर एका वेळी एकच जण," बाई वाचत होत्या. "बाकी सगळ्या पानांना पन्नास, याला एक. वर शेरा आहे, हा आकडा बदलू नये. कारण काही लिहिलेलं नाही."

"जुनं कारण आहे."

"मग तर लिहून ठेवायलाच हवं होतं."

"मॅडम, पुढची ओळ घ्या ना."

बाईंनी पुढची ओळ घेतली. घेण्याआधी वहीत काहीतरी टिपलं, ते गुरुजींनी पाहिलं.

कारण जुनं होतं हे खोटं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी, प्रणाली सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी, मुतखड्याच्या तपासणीला आलेल्या एका मिशाळ गृहस्थांच्या हातात रिपोर्ट पडला की ते गरोदर आहेत. गृहस्थ विनोदी निघाले. त्यांनी तो सगळ्या रांगेला मोठ्यानं वाचून दाखवला आणि नाव काय ठेवू म्हणून विचारलं. रुग्णालयात हा किस्सा अजून सांगतात. गुरुजी तेव्हा हसले नव्हते. दार लावून त्यांनी तासाभरात दोष शोधला, तेव्हा तो त्यांचाच निघाला.

रिपोर्ट शोधणारा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, त्यांनी लिहिला होता आणि रुग्णाचा क्रमांक त्या क्लासमध्येच साठवून ठेवला होता. सर्व्हर असल्या क्लासची वस्तू एकच बनवतो आणि तीच सगळ्यांना वापरायला देतो. म्हणजे पाटी एक आणि लिहिणारे पन्नास. एकानं आपला क्रमांक लिहून शोधाशोध सुरू करावी, तेवढ्यात दुसऱ्यानं तो पुसून आपला लिहावा. अशा कामात नवशिक्यालाही पहिल्या वर्षी हे बजावून सांगतात. सांगणारे बहुतेक वेळा गुरुजीच असत. फळ्यावर पाटी काढून.

नीट दुरुस्ती करायची तर सगळ्यांना कारण सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा त्यांनी फाइलमधला एक आकडा बदलला. पन्नासाचा एक केला. पाटी एकच, तर लिहिणाराही एकच. बाकीच्यांनी दाराबाहेर थांबावं. साहेबांना सांगितलं की नेटवर्कचा घोळ होता, निस्तरला. साहेबांनी पाठ थोपटली. पुढच्या आठवड्यात सवडीनं नीट करू, असं गुरुजींनी ठरवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ झाकून सहा वर्षं झाली होती.

दाराबाहेर कोण ताटकळणार, याचा विचार त्या दिवशी त्यांनी केला नव्हता. चार महिन्यांनी तळमजल्यावरच्या रिपोर्टच्या खिडकीवर त्यांची सख्खी थोरली बहीण बदलून आली.

ताई त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहायची. संध्याकाळचा चहा मात्र भावाकडे. बाईंनी त्या आकड्याला हटकलं त्याच संध्याकाळी तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

"वाच."

गुरुजींनी वाचला. सोमवारपासून दोन आठवडे प्रत्येक खिडकीवर मोजणी. एका माणसाचं काम उरकायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून बघणार. जे मागे पडतील त्यांना तळघरातल्या दप्तरखान्यात.

"मागे कोण पडणार ते काय सांगायला हवं?" ताई म्हणाली. "शेजारच्या बिलाच्या खिडकीवरची मुलगी गप्पा मारत मारत चार माणसं काढते. माझं एक होत नाही. आता तर रांगेतली माणसंसुद्धा मला गोगलगाय म्हणतात. तोंडावर."

"म्हणू दे गं."

"तुला काय जातंय म्हणू दे म्हणायला! दप्तरखान्यात दिवसभर बोलायला एक माणूस नाही. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, ती काय मी कपाटांशी बोलून काढू?" तिनं कप खाली ठेवला. "तुझं ते यंत्र जरा बघ ना रे बाबा. मी क्रमांक घालते आणि ते आपलं गरगर फिरत बसतं."

"भार असतो, ताई. सगळीकडे असंच असतं."

हे वाक्य त्यांनी सहा वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं की आता ते आपोआप तोंडातून येई. कान मात्र दर वेळी तापत. गुरुजींची बायको चहाचे कप उचलत होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पंखा वाढवला.

मोजणीच्या तिसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून ते खाली गेले आणि खांबाच्या आडोशाला उभे राहिले. ताईच्या मागे एक कारकून वही आणि घड्याळ घेऊन बसला होता. ताईनं क्रमांक घातला, बटण दाबलं, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत राहिली. चाक फिरत होतं. गुरुजींनी मनातल्या मनात मोजलं. दहा, वीस, तीस. वर सगळ्या वॉर्डांत डॉक्टर हेच पान उघडून बसलेले, आणि सगळ्यांची वाट एकाच दारातून. डॉक्टरांसमोर रांग नव्हती, ते तेवढ्यात दुसरं काही करत. रांग होती ती ताईसमोर.

"बाई, झोप लागली का?" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"होतंय, होतंय," ताई म्हणाली. तिनं उगाचच पुन्हा एकदा क्रमांक तपासला, जणू तिचंच काही चुकलं असावं. कारकुनानं वहीत आकडा लिहिला.

गुरुजी जिन्यानं वर आले. तीन मजले चढून आल्यामुळे छाती धडधडते आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

शुक्रवारी सकाळी ते आले तेव्हा शंकेखोर बाई आधीच येऊन बसल्या होत्या. चाचणीच्या सर्व्हरवर त्यांनी एकाचा पन्नास केला होता आणि एकदम दोनशे रिपोर्ट मागवले होते. छापलेला कागद त्यांनी पुढे सरकवला. दोनशेपैकी एकतीस रिपोर्ट भलत्याच माणसांचे होते.

"क्रमांक क्लासमध्ये ठेवलाय," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना मिळून एकच. हे कुणी लिहिलं असेल, सर? हे तर अगदी पहिल्या वर्षाला..."

"मी लिहिलंय."

बाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी नजर खाली वळवली आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं, खरं तर तिला आधीच चांगलं टोक होतं. त्यांच्यासमोर उभं राहायची गुरुजींना इतकी लाज वाटली की खुर्ची सापडेपर्यंत त्यांचा हात हवेतच चाचपडत राहिला.

"नीट करूया का?" थोड्या वेळानं बाईंनी विचारलं. त्या "करा" म्हणाल्या नाहीत, हे गुरुजींच्या लक्षात आलं.

अकरा ओळी बदलाव्या लागल्या. क्रमांक क्लासमधून काढला आणि ज्याचा त्याच्या मागणीबरोबर पाठवला. ज्याची त्याची पाटी ज्याच्या त्याच्या हातात. दोनशे रिपोर्ट मागवले, दोनशे बरोबर आले. हजार मागवले, हजार बरोबर आले. जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळं आटोपलं. सहा वर्षं ज्या कामाला आठवडा लागेल म्हणून ते बिचकत होते, त्याला एक तास पन्नास मिनिटं लागली होती. याचीच त्यांना सगळ्यांत जास्त लाज वाटली.

"नोंदीत काय लिहू?" बाईंनी विचारलं.

"काय वाटतं तुम्हाला?"

बाईंनी लिहिलं, जुना दोष दूर केला. गुरुजींनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि पुढे दोष कुणाचा आणि कधीचा तेही लिहिलं, स्वतःच्या नावानिशी. फार शूर काम होतं असं नाही. ही नोंद त्या दोघांखेरीज कुणी उघडणार नव्हतं.

दुपारीच दुरुस्ती चालू प्रणालीवर चढवली. आता ताईला सांगायचं, मग साहेबांना, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी ताई चहाला आली तेव्हा घरात पाहुणे होते. शनिवारी तिचं डोकं दुखत होतं. सोमवारी त्यांचंच दुखलं. सांगू सांगू म्हणता मोजणीचा दुसरा आठवडाही संपला.

शुक्रवारी ताई आली ती दारातूनच बोलत.

"दप्तरखाना टळला! साहेब स्वतः खाली आले होते. सगळ्या खिडक्यांत या आठवड्यात पहिली कोण, सांग."

"तू," गुरुजी म्हणाले.

"मी! शेजारची मुलगी बघतच राहिली. म्हणाली, काकू, काय जादू केलीत?" ताई खुर्चीत बसली आणि तिनं आवाज खाली आणला. "एक गंमत सांगते, हसू नका हं. मोजणीची कुणकुण लागली ना, तेव्हापासून मी टायपिंगच्या क्लासला जाते. कोपऱ्यावर आहे तो. दोन महिने झाले. सगळी पोरं माझी नातवंडं शोभतील अशी. तुम्हाला सांगितलं नाही, म्हटलं जमलं नाही तर आणखी शोभा. पण जमलं!" तिनं दहाही बोटं टेबलावर पसरून दाखवली. "आणि तुझी माफी मागते बरं का. सहा वर्षं तुझ्या यंत्राला नावं ठेवली. दोष माझ्याच बोटांत होता."

गुरुजींच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या. गुरुजी उठले, पुन्हा बसले.

"ताई, बोटांचा दोष नव्हता."

"तू आपली माझी बाजू घेणारच."

"ऐक आधी." आणि मग त्यांनी सांगितलं. फळा नव्हता, चित्र नव्हतं. मिशाळ गृहस्थ सांगितले, पाटी सांगितली, एक आकडा सांगितला, अकरा ओळी सांगितल्या. काही राखलं नाही. बोलताना ते टेबलाकडे बघत होते, त्यामुळे ताईनं बोटं कधी आवरून घेतली ते त्यांना दिसलं.



"मी इथे बसून रोज रडगाणं गायचे," ताई म्हणाली, "तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला," ताई म्हणाली. "आणि पखाल मी." ती हसली, पण ते नुसतं तोंडानं.

"उद्या साहेबांना सगळं सांगतो," गुरुजी घाईनं म्हणाले. "तुझ्यावर सहा वर्षं जो ठपका होता तो काढून टाकायला लावतो. लेखी."

"काही सांगायचं नाही."

"अगं, पण खरं काय ते..."

"सहा वर्षं मला गोगलगाय म्हणत होते, ते खरं होतं का? नव्हतं. कुणाचं काय अडलं? आता आठ दिवस झाले, काकू जादूगार म्हणतात. तेही खोटं असू दे." ती उठली. तिनं पदर सारखा केला आणि पर्स खांद्याला लावली. "तुझं मन हलकं व्हावं म्हणून मी ते परत देऊ?"



"कुठे निघालात, ताई?" बायकोनं विचारलं. "चहा टाकतेय."

"क्लासला. सातची वेळ आहे."

"आता कशाला जातेस, ताई?" गुरुजी म्हणाले. "आता गरज नाही त्याची."

ताई दारात चपला घालत होती. एक पट्टा अडकत होता, तो तिनं वाकून सोडवला, आणि मान वर न करताच म्हणाली,

"तुझ्या भरवशावर पुन्हा कुठे राहू?"